कर्नेल बांधण्याआधीचा निर्णय: क्रॉस-कंपायलर टूलचेन कशी निवडावी

सप्टेंबर २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी ‘विक्रम-३२०१’ हा प्रोसेसर पंतप्रधानांच्या हाती सुपूर्द केला. चिप किती बिटची, किती नॅनोमीटरची यावर त्यानंतर बरेच लिहिले-बोलले गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये इस्रोने दिलेल्या माहितीतील एक तपशील मात्र या चर्चेत मागे पडला. ‘विक्रम’चा आज्ञासंच, म्हणजे त्याला कळणाऱ्या आज्ञांची यादी, इस्रोचा स्वतःचा असल्याने त्यासाठीचा एडा भाषेचा कंपायलर, असेंब्लर, लिंकर आणि सिम्युलेटर हे सारे संस्थेने स्वतःच तयार केले होते, आणि सी भाषेच्या कंपायलरचे काम तेव्हा चालू होते. त्याच वेळी जाहीर झालेला ‘कल्पना-३२०१’ हा प्रोसेसर मात्र स्पार्क व्ही-८ या प्रस्थापित आज्ञासंचावर बेतलेला असल्याने मुक्त स्रोतातील तयार साधने त्याला चालतील अशी रचना केलेली आहे.

प्रोसेसर कितीही चांगला असला, तरी त्याला कळणाऱ्या आज्ञांमध्ये प्रोग्रॅम उतरवणारी साधने नसतील तर त्याचा उपयोग शून्य. त्यातही ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, बांधायचा असेल तर ती साधने कोणती निवडली यावर यंत्र वर्षानुवर्षे विनातक्रार चालेल की अधूनमधून कारण न कळता माहिती बिघडवेल, हेही ठरू शकते. अशी साधने निवडताना काय पाहायचे, हे येथे मुख्यतः लिनक्स कर्नेलच्या आधारे समजून घेऊ. कारण त्याचा इतिहास खुला आहे आणि त्यातील चुकाही सर्वांना पाहता येतात.

टूलचेन आणि ‘क्रॉस’ म्हणजे काय

सी भाषेत लिहिलेला मजकूर प्रोसेसरला कळत नाही. कंपायलर त्याचे रूपांतर असेंब्ली भाषेत करतो, असेंब्लर त्यातून अंकरूप आज्ञांच्या फाइली तयार करतो आणि लिंकर त्या हजारो फाइली जोडून, कोणता भाग मेमरीत कुठे बसेल हे ठरवून, एकच फाइल हाती देतो. एकाचे उत्पादन दुसऱ्याचा कच्चा माल असल्यामुळे या संपूर्ण संचाला टूलचेन म्हणतात. कर्नेल बांधणाऱ्याने फक्त कंपायलरचा विचार करून भागत नाही. कंपायलर नवा आणि असेंब्लर जुना अशी जोडी जमली, तर कंपायलरने लिहिलेली एखादी आज्ञा असेंब्लरला ओळखताच येत नाही आणि बिल्ड मध्येच थांबते.

आपण ज्या यंत्रावर काम करतो त्याच जातीच्या यंत्रासाठी प्रोग्रॅम तयार करणारा तो नेटिव्ह कंपायलर. इंटेलच्या लॅपटॉपवर बसून आर्म किंवा रिस्क-व्ही प्रोसेसरसाठी प्रोग्रॅम तयार करणारा तो क्रॉस-कंपायलर. गावातल्या शिंप्याने परगावच्या गिऱ्हाइकाचे कपडे नुसत्या कळवलेल्या मापांवरून शिवावेत, तसे हे काम आहे. गिऱ्हाईक समोर नसल्याने घालून पाहण्याची सोय नाही. मापे चुकीची असतील तर शिवण कितीही सुबक असली तरी कपडा वाया जातो. टूलचेनच्या बाबतीत ही मापे म्हणजे त्या यंत्राविषयीची गृहीतके: आज्ञा कोणत्या, पूर्णांक किती बाइटचा, फंक्शनला माहिती कोणत्या रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतील छोट्या साठवण-जागेतून) द्यायची, खाली कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे. यांपैकी प्रोग्रॅमच्या तुकड्यांनी आपसात पाळायच्या यंत्रपातळीवरील नियमांना एबीआय म्हणतात. टूलचेन निवडणे म्हणजे ही गृहीतके निवडणे होय, आणि नेमके हेच नवशिक्याला कोणी सांगत नाही.

‘माझ्या लॅपटॉपवर कंपायलर आहेच, मग वेगळा कशाला?’

हा आक्षेप रास्त आहे, विशेषतः ज्याला स्वतःचा छोटा कर्नेल लिहून पाहायचा आहे आणि ज्याचा लॅपटॉपही एक्स८६ (म्हणजे इंटेल-एएमडीच्या जातीचा) आणि कर्नेलही एक्स८६ साठीच आहे, त्याच्याकडून तो हमखास येतो. प्रोसेसर एकच असताना ‘क्रॉस’चा संबंधच काय, असे त्याला वाटते. पण लॅपटॉपवरचा कंपायलर ‘एक्स८६ साठी’ नसून ‘एक्स८६ वर चालणाऱ्या लिनक्समधील सामान्य प्रोग्रॅमसाठी’ असतो. कर्नेल हा सामान्य प्रोग्रॅम नाही. त्याच्या खाली दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम नसते, सी भाषेची नेहमीची लायब्ररी नसते, आणि जी सोय ऑपरेटिंग सिस्टीमने करून ठेवली आहे असे कंपायलर धरून चालतो ती सोय करणारा कर्नेल तर अजून तयारच व्हायचा असतो.

एक उदाहरण जवळून पाहू. प्रत्येक फंक्शनला आपली तात्पुरती मूल्ये ठेवण्यासाठी मेमरीत जो भाग मिळतो त्याला स्टॅक म्हणतात, आणि त्याची चालू सीमा दाखवणाऱ्या रजिस्टरला स्टॅक पॉइंटर. ६४ बिटच्या एक्स८६ वर लिनक्स प्रोग्रॅमांनी पाळायच्या एबीआयमध्ये एक सवलत आहे: स्टॅक पॉइंटरच्या पलीकडचे १२८ बाइट, ज्याला रेड झोन म्हणतात, लहान फंक्शनने पॉइंटर न हलवताच वापरावेत. त्यामुळे एक-दोन आज्ञा वाचतात. सामान्य प्रोग्रॅममध्ये हे सुरक्षित असते, कारण मध्येच इंटरप्ट आला, म्हणजे कीबोर्ड, घड्याळ किंवा डिस्कने प्रोसेसरचे लक्ष वेधले, तर प्रोसेसर कर्नेलच्या वेगळ्या स्टॅकवर जातो. कर्नेल स्वतःच चालू असताना इंटरप्ट आला, तर मात्र प्रोसेसर सहसा त्याच स्टॅकवर, पॉइंटरला लागूनच आपली नोंद लिहितो आणि त्या १२८ बाइटांत ठेवलेली मूल्ये पुसली जातात. कर्नेलच्या मजकुरात एकही चूक नसते. तरीही कधीतरी, इंटरप्ट नेमक्या त्या क्षणी आला तरच, एखादे मूल्य बदलते. म्हणून ६४ बिटचा एक्स८६ कर्नेल कंपाइल करताना रेड झोन वापरू नकोस असा पर्याय कंपायलरला स्पष्टपणे द्यावा लागतो. एवढेच नव्हे, तर जीसीसी हा मुक्त स्रोतातील कंपायलर आपल्यासोबत जी छोटी मदतनीस लायब्ररी आणतो, तीही रेड झोनशिवाय बांधलेली असावी लागते. तयार नेटिव्ह कंपायलरसोबत येणारी लायब्ररी तशी बांधलेली नसते.

दुसरे गृहीतक सुरक्षेसंबंधीचे आहे. उबुंटूसारख्या लिनक्स वितरणांतील जीसीसी स्टॅक प्रोटेक्टर नावाची पहारा देणारी सोय आपोआप चालू ठेवतो. त्यासाठी लागणारे गुप्त मूल्य तो एफएस या रजिस्टरने दाखवलेल्या जागेपासून ४० बाइट पुढे शोधतो, कारण सामान्य प्रोग्रॅमसाठी ते तेथे आधीच ठेवलेले असते. आपल्या नव्या कर्नेलमध्ये ते तेथे कोणीही ठेवलेले नसते. तिसरे गृहीतक असे की, एखादी मोठी रचना एका जागेहून दुसरीकडे हलवायची असेल तर कंपायलर खुशाल मोठी व्हेक्टर रजिस्टरे वापरतो. त्या रजिस्टरांत त्या वेळी वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमची आकडेमोड असू शकते, आणि कर्नेलने ती जपून ठेवली नसेल तर ती बिघडते. लिनक्सच्या बिल्ड व्यवस्थेत या सगळ्यांवरचे पर्याय आधीच लिहिलेले आहेत. म्हणून एक्स८६ लॅपटॉपवर एक्स८६ लिनक्स कर्नेल नेटिव्ह कंपायलरने बिनधास्त बांधता येतो. स्वतःचा कर्नेल लिहिणाऱ्याला हे सारे स्वतः निस्तरावे लागते. त्यामुळे ज्याच्या नावातच ‘खाली कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम नाही’ असे म्हटले आहे, असा क्रॉस-कंपायलर घेणे हाच त्याच्यासाठी शहाणपणाचा मार्ग आहे.

टूलचेनचे नाव वाचायला शिकावे

क्रॉस-टूलचेनच्या नावात प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि एबीआय हे क्रमाने, मध्ये आडवी रेघ देऊन लिहिलेले असतात. ‘आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआय’ म्हणजे ३२ बिटच्या आर्म प्रोसेसरवरील लिनक्ससाठी. ‘आर्म-नन-ईएबीआय’ म्हणजे त्याच प्रोसेसरसाठी, पण खाली कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम नसताना. दोन्ही त्याच आज्ञा तयार करतात, म्हणून कोणतीही चालेल असे वाटते. फरक बारीक ठिकाणी असतो: सी भाषेतील एनम प्रकारासाठी लिनक्सची टूलचेन पूर्ण ४ बाइट घेते, तर ‘नन’ची टूलचेन मावेल तेवढ्या कमीत कमी जागेत तो बसवते. एका टूलचेनने बांधलेली लायब्ररी दुसरीने बांधलेल्या कर्नेलला जोडली, की एकाच रचनेचे मोजमाप दोघांच्या लेखी वेगळे होते.

नावाच्या शेवटी ‘एचएफ’ असेल तर अपूर्णांकांची आकडेमोड हार्डवेअरच्या रजिस्टरांतून देण्याघेण्याचा नियम पाळला जातो. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमांसाठी तो अत्यंत महत्त्वाचा आहे. लिनक्स कर्नेलसाठी नाही, कारण कर्नेल आपल्या कामात अपूर्णांक जवळजवळ वापरतच नाही आणि त्याविषयीचे पर्याय स्वतःच देतो. नुसत्या कर्नेलसाठी ‘एचएफ’ असलेली किंवा नसलेली, कोणतीही घेतली तरी चालते.

जुनी आवृत्ती ‘पारखलेली’ म्हणून अधिक भरवशाची नाही का?

जानेवारी २०२१ मध्ये लिनक्सच्या आर्म विभागाचे अनुभवी देखभालकर्ते रसेल किंग यांनी एक चमत्कारिक तक्रार मांडली. त्यांच्या ६४ बिटच्या आर्म यंत्रावर ईएक्सटी४ फाइल प्रणाली अधूनमधून सांगत असे की फाइलीच्या नोंदीचा चेकसम, म्हणजे माहिती बदललेली नाही हे ताडून पाहण्याचा आकडा, जुळत नाही. पुन्हा तपासावे तर डिस्कवरील माहिती अगदी बरोबर. हे रोज घडत नव्हते आणि मुद्दाम घडवूनही आणता येत नव्हते. प्रोसेसर मेमरीतील वाचन-लेखनाचा क्रम बदलत असावा, असा पहिला संशय होता आणि चर्चेचा रोखही तिकडेच होता.

खरे कारण कंपायलरमध्ये निघाले. ४.९ पासून ५.१ च्या आधीपर्यंतचा जीसीसी काही ठिकाणी स्टॅक पॉइंटर आधी मागे घेत असे आणि सोडून दिलेल्या जागेतील मूल्य नंतर वाचत असे. या दोन आज्ञांच्या मधल्या फटीत इंटरप्ट आला की ते मूल्य पुसले जाई. एक्स८६ वर जी सवलत नियमाने दिलेली आहे तसलीच सवलत येथे कंपायलरने नियमात नसताना घेतली होती. जीसीसीमध्ये हा दोष ५.१ पर्यंत दुरुस्त झालेला होता. तरीही तोवर लिनक्सच्या नियमांनुसार ४.९ हा चालणारा कंपायलर होता. या प्रकरणानंतर ६४ बिटच्या आर्मसाठी किमान ५.१ ही अट घालण्यात आली. माझ्या मते टूलचेन निवडणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत एकदा तरी नीट समजून घ्यावी, कारण कंपायलरचा दोष कंपायलरच्या नावाने कधीच समोर येत नाही. तो डिस्कचा, मेमरीचा किंवा प्रोसेसरचा दोष असल्यासारखा दिसतो.

म्हणून सर्वांत नवी आवृत्ती घ्यावी असेही सरसकट म्हणता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या जीसीसी १५ ने सी भाषेचे २०२३ चे मानक मूळ पर्याय म्हणून स्वीकारले. त्यात खरे-खोटे दर्शवणारे शब्द भाषेचे राखीव शब्द झाले, आणि तेच शब्द स्वतःच्या व्याख्येने वापरणारे जुने कर्नेल काही ठिकाणी कंपाइल होईनासे झाले. सोपा नियम असा: आपण जो कर्नेल बांधणार आहोत त्याच्या दस्तऐवजात दिलेली किमान आवृत्ती पाहावी (लिनक्स ६.१६ साठी ती जीसीसी ८.१ आणि असेंब्लर-लिंकर पुरवणाऱ्या बिनयुटिल्स संचाची २.३० आहे), आणि तो कर्नेल प्रसिद्ध झाला त्या सुमाराची स्थिर आवृत्ती घ्यावी. तीच जोडी त्या काळात सर्वाधिक लोकांनी वापरून पाहिलेली असते.

जीसीसी की क्लँग?

जीसीसी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला आणि १९९१ मध्ये जन्मलेला लिनक्स त्याच्याच अंगाखांद्यावर वाढला. त्यामुळे लिनक्सचा मजकूर शुद्ध मानक सी मध्ये नसून जीसीसीने भाषेत घातलेल्या भरीसह लिहिलेला आहे. क्लँग हा एलएलव्हीएम प्रकल्पातील कंपायलर आहे. ख्रिस लॅटनर यांनी २००० मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात एलएलव्हीएमची सुरुवात केली. कर्नेलला लागणाऱ्या जीसीसीच्या काही खास सोयी क्लँगला शिकायला बराच काळ गेला. त्यांतली एक महत्त्वाची सोय २०१९ मधील क्लँग ९ मध्ये आली. मात्र आज अँड्रॉइड फोनांचे कर्नेल क्लँगनेच बांधले जातात, म्हणजे वाचकाच्या खिशातला कर्नेल बहुधा त्याच कंपायलरचा आहे.

रोजच्या कामात जाणवणारा फरक असा की, जीसीसी प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा बांधावा लागतो, तर क्लँगच्या एकाच प्रतीत अनेक प्रोसेसरांची सोय असते आणि लिनक्सला केवळ आर्किटेक्चरचे नाव व एलएलव्हीएम वापरण्याची सूचना दिली की बहुतेक वेळा भागते. संपूर्ण कर्नेल एकत्र पाहून सुधारणारी लिंक-टाइम ऑप्टिमायझेशनची सोय लिनक्स ५.१२ पासून क्लँगबरोबर मिळते. रस्ट भाषेतील ड्रायव्हर हवे असतील तर रस्टचा कंपायलरही एलएलव्हीएमवरच उभा असल्याने क्लँगशी त्याचे सूत अधिक जुळते. दुसरीकडे अल्फा, पीए-रिस्क, सुपरएच अशा जुन्या प्रोसेसरांसाठी जीसीसीला पर्याय नाही, आणि हेक्सागॉन या प्रोसेसरसाठी उलट क्लँगच लागतो. आर्म, रिस्क-व्ही आणि एक्स८६ साठी दोन्ही उत्तम आहेत. तेथे माझा कल चिप किंवा बोर्डच्या निर्मात्याने जो वापरून चाचण्या केल्या आहेत तोच घेण्याकडे आहे. दोन्हींनी बांधून पाहणे शक्य असेल तर अवश्य पाहावे, कारण एकाच्या नजरेतून सुटलेली चूक दुसरा इशारा देऊन दाखवतो.

तयार आणावी की स्वतः घडवावी?

केवळ लिनक्स कर्नेल बांधायचा असेल तर स्वतः टूलचेन घडवण्याच्या फंदात पडण्याचे कारण नाही. डेबियन, उबुंटू आणि फेडोरा यांच्या भांडारांत क्रॉस-कंपायलरची पॅकेजे असतात. अर्न्ड बर्गमन यांनी बांधलेले जीसीसीचे संच कर्नेलच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. त्यांत सी लायब्ररी नसते, कारण कर्नेलला ती लागत नाही. आर्म कंपनी स्वतःच्या प्रोसेसरांसाठी वेगळा संच प्रसिद्ध करते. कर्नेलसोबत वापरकर्त्याचे प्रोग्रॅमही बांधायचे असतील, तर मात्र सी लायब्ररीसह असलेला संच हवा. तेथे बिल्डरूट, योक्टो किंवा क्रॉसटूल-एनजी यांसारखे टूलचेन बांधून देणारे साधन वापरून आपल्या मापाची टूलचेन घडवणे योग्य ठरते, कारण लायब्ररीची निवड, तिची आवृत्ती आणि कर्नेलच्या हेडर फाइली हे सारे परस्परांशी जुळवता येते.

कुठून तरी उतरवलेल्या फाइलवर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न येथे विचारायलाच हवा. २०१५ मध्ये चीनमधील अनेक प्रोग्रॅमरांनी अ‍ॅपलची एक्सकोड ही टूलचेन अनधिकृत ठिकाणाहून उतरवली, आणि त्या प्रतीत मिसळलेला घातक कोड त्यांनी बांधलेल्या अ‍ॅप्समध्ये आपोआप शिरला. त्यांच्या स्वतःच्या मजकुरात शोधून काही सापडणे शक्य नव्हते. कर्नेलला तर यंत्रावरील प्रत्येक गोष्टीचा अधिकार असतो. अधिकृत ठिकाणाहून घेणे आणि सोबतची डिजिटल स्वाक्षरी किंवा चेकसम पडताळणे याला पाच मिनिटे लागतात, ती द्यावीत.

‘मग त्या बोर्डवरच बिल्ड का करू नये?’

करता येते. रास्पबेरी पायवर त्याचाच कर्नेल बांधणारे अनेक जण आहेत. फक्त लॅपटॉपच्या तुलनेत वेळ बराच जास्त लागतो. पण जेथे मेमरी अपुरी आहे, किंवा जो प्रोसेसर अजून बूटच झालेला नाही, तेथे हा मार्ग उपलब्धच नसतो. नव्या चिपवरचा पहिला कर्नेल नेहमी दुसऱ्याच यंत्रावर तयार झालेला असतो.

मॅकवर काम करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लिनक्सच्या मजकुरात इंग्रजी अक्षरे लहान की मोठी एवढ्याच फरकाने वेगळ्या नावांच्या काही फाइली आहेत, आणि मॅकची फाइल प्रणाली मूळ मांडणीत हा भेद मानत नाही. परिणामी एक फाइल दुसरीच्या जागी बसते आणि टूलचेनला विनाकारण दोष दिला जातो. त्यासाठी वेगळे विभाजन किंवा आभासी लिनक्स यंत्र वापरावे.

देशी प्रोसेसरांसाठी याचा अर्थ

आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे रिस्क-व्ही या खुल्या आज्ञासंचावर आहेत. त्यासाठीचा आधार जीसीसीत २०१७ मध्ये आणि लिनक्समध्ये २०१८ च्या सुरुवातीला अधिकृतपणे आला, म्हणजे जगभरच्या हजारो लोकांनी तपासलेली टूलचेन या प्रोसेसरांना आयती मिळते. आयआयटी मुंबईने ‘अजित’साठी स्पार्क व्ही-८ निवडला, तेव्हा त्यालाही जीसीसीचा जुना आधार मिळाला. ‘विक्रम’सारखा स्वतःचा आज्ञासंच प्रक्षेपणयानासारख्या ठरावीक कामासाठी समर्थनीय आहे, कारण तेथे मोजकेच प्रोग्रॅम चालतात आणि ते लिहिणारे व तपासणारे एकाच संस्थेत असतात. सर्वसाधारण संगणकासाठी मात्र नवा आज्ञासंच म्हणजे कंपायलरच्या चुका शोधण्याचे सारे ओझे एकट्याने वाहणे. ६४ बिटच्या आर्मसारख्या लोकप्रिय प्रोसेसरवरचा दोष पकडायलाही एवढे सायास पडले, हे पाहता ते ओझे कमी लेखू नये.

बिल्ड झाल्यावर

तयार कर्नेल कोणत्या प्रोसेसरसाठी आहे हे त्या फाइलीच्या शीर्षकातच लिहिलेले असते. बोर्डवर टाकण्याआधी टूलचेनमधील रीडएल्फ या साधनाने ते पाहून घ्यावे. लिनक्स बूट झाल्यावर प्रॉक निर्देशिकेतील व्हर्जन नावाची फाइल वाचली, तर कर्नेल कोणत्या कंपायलरने आणि कोणत्या लिंकरने बांधला हे कळते. ही माहिती कर्नेल बांधतानाचे पर्याय नोंदवणाऱ्या कॉन्फिग फाइलमध्येही साठवलेली असते. पुढे एखादा ड्रायव्हर वेगळा मॉड्यूल म्हणून बांधताना कंपायलर निराळा निघाला, तर लिनक्स तसा इशारा देतो, पण काम थांबवत नाही. हा इशारा पाहूनही पुढे जाणाऱ्याने ती जबाबदारी स्वतःवर घेतलेली असते. वितरणांच्या भांडारांतून जुनी पॅकेजे कालांतराने काढली जातात, म्हणून जे उपकरण काही वर्षे वापरात राहणार आहे त्याच्या कर्नेलची कॉन्फिग फाइल, टूलचेनची मूळ प्रत आणि तिचा चेकसम हे तिन्ही पहिल्या बिल्डच्या दिवशीच एकत्र जपून ठेवावेत.